गॅट्सबीच्या मयतीला कोण कोण आलं?

अंत्ययात्रेत गाड्या तीनच. पुढे शववाहिका. तिच्यामागच्या गाडीत मेलेल्याचा म्हातारा बाप, एक ल्यूथरन पाद्री आणि शेजारी राहणारा निक कॅरावे. तिसऱ्या गाडीत घरचे चार-पाच नोकर आणि वेस्ट एगचा पोस्टमन, सगळे पावसानं निथळणारे. दफनभूमीत शिरल्यावर मागून आणखी एक जण पाणी तुडवत येतो, मोठ्या भिंगांचा चष्मा लावलेला. संपली माणसं. १९२२च्या उन्हाळ्यात ज्याच्या दारात शेकड्यांनी पाहुणे उतरत होते, त्या जे गॅट्सबीची ही मयत.

स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्सनं काढली. पैशावरच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की तिचं नाव निघतं, आणि तिचं नाव निघालं की ही मयत. आमच्या घरी ती मावशी आणि सुहास यांच्यात निघाली. मावशीनं कॉलेजात ही कादंबरी शिकवली आहे, त्यामुळे तिची मतं पक्की. सुहास माझा धाकटा भाऊ, केटरिंगच्या धंद्यातला. पाहुणे या विषयावर तो कुणाचंही ऐकून घेत नाही. दोघांचं बोलणं थोडं आवरून खाली देते. दोघांनी एकमेकांना तोडलं ती ठिकाणं गाळली आहेत, नाहीतर लेख दुप्पट झाला असता.

मावशी : निक तीन दिवस माणसं गोळा करायला धडपडतो रे. प्रेत सापडल्यावर अर्ध्या तासात त्यानं डेझीला, गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम होतं तिला, फोन लावला. ती आणि नवरा सामानसुमान घेऊन निघून गेलेले. कुठे, केव्हा परतणार, काही नाही. नंतर चिठ्ठी नाही, एक फूलसुद्धा नाही. मग त्या क्लिपस्प्रिंगरचा फोन. हा माणूस गॅट्सबीकडे इतका ठाण मांडून होता की लोक त्याला तिथला भाडेकरूच म्हणत. निकला वाटतं, चला, हा तरी येईल. आणि तो विचारतो काय? माझे टेनिसचे बूट तिथे राहिलेत, ते पाठवून द्या! दुसऱ्या दिवशी त्याची कुठेतरी सहल ठरलेली. मी वर्गात इथे थांबायचे. मुलं गप्प व्हायची.

सुहास : बूट त्याचेच होते ना?

मावशी : सुहास!

सुहास : थट्टा नाही करत. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन येतात, छत्री राहिली, डबा राहिला. लग्न कुणाचं होतं ते त्यांना धड सांगता येत नाही. जेवायला आलेला माणूस वेगळा, आपला माणूस वेगळा. गॅट्सबीकडे तर बहुतेकांना बोलावणंच नव्हतं. निकला रीतसर निमंत्रण आलं हीच तिथली नवलाई. बाकीचे गाडीत बसायचे, लाँग आयलंडच्या बाजूला निघायचे आणि त्याच्या दारात उतरायचे. कित्येकांनी यजमान पाहिलासुद्धा नाही. त्यांनी मयतीला यावं ही अपेक्षा कुणाची?

मावशी : खाल्ल्या मिठाला जागणं म्हणून काही आहे की नाही? दर शुक्रवारी न्यूयॉर्कहून संत्र्यालिंबांच्या पाच पेट्या यायच्या. सोमवारी मागच्या दारी नुसत्या सालींचा ढीग. सोमवारी जादा माळी धरून आठ नोकर दिवसभर मोडतोड निस्तरायचे. फिट्झजेराल्ड हे उगाच मोजत नाही. पुढे माणसं मोजायची आहेत म्हणून तो आधी संत्री मोजतो.

सुहास : हे पटलं. पण मीठ दिलं कशासाठी, तेही बघ. एका मुलीचा झगा त्याच्या पार्टीत खुर्चीला अडकून फाटला. त्यानं नाव-पत्ता विचारून घेतला, आठवड्याच्या आत २६५ डॉलरचा नवा झगा घरपोच. तिच्या मैत्रिणीला त्यात मोठेपणा दिसत नाही, काहीतरी काळंबेरं दिसतं. म्हणते, याला कुणाशी कटकट नको आहे. बरोबर ओळखलं तिनं. तो देणं फेडत होता, नातं जोडत नव्हता. ज्याचा हिशेब जागच्या जागी चुकता झाला, तो माणूस परत कशाला येईल?

मावशीला हे आवडलं नाही, पण तिनं ते खोडूनही काढलं नाही. तिचा मोर्चा मायर वुल्फशाइमकडे वळला. हा गॅट्सबीचा धंद्यातला भागीदार. १९१९च्या बेसबॉल अजिंक्यपदाचे सामने पैसे चारून फिरवल्याचं कादंबरीत त्याच्या नावावर आहे, आणि त्या प्रकरणाशी ज्याचं नाव खरोखर जोडलं गेलं त्या आर्नल्ड रॉथस्टीनवरून हे पात्र बेतलं आहे असं मानतात.

मावशी : त्याचं आधी पत्र येतं, की मी या भानगडीत पडू शकत नाही. मग मयतीच्या दिवशी सकाळी निक स्वतः न्यूयॉर्कला त्याच्या कचेरीत जातो. तिथे हा रंगात येऊन सांगतो, या पोराला मी घडवला. पहिल्यांदा भेटला तेव्हा घालायला दुसरे कपडे नाहीत म्हणून लष्करी गणवेशातच फिरत होता, अर्ध्या तासात चार डॉलरच्या वर जेवला. एवढं सगळं आठवतं, डोळ्यांत पाणीसुद्धा येतं, आणि दफनाला चल म्हटल्यावर? मैत्री दाखवायची तर माणूस जिवंत असताना दाखवावी, हा उपदेश! वर म्हणे, तरुणपणी मी शेवटपर्यंत साथ द्यायचो.

सुहास : मला तर या माणसाचं बोलणं सगळ्यात सरळ वाटलं. त्यानं निदान भूक लागलेली असताना जेवायला घातलं.

मावशी : आणि मग वापरून घेतलं.

सुहास : वापरलं. पण त्याची अडचण बघ ना. दारूबंदी चालू आहे. मेलेला माणूस चोरट्या दारूचा व्यापारी, त्याचा खून झालेला, दारात पोलीस, वार्ताहर, फोटोवाले. तिथे वुल्फशाइम उभा राहिला असता तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं असतं? शिकागोहून तो फोन येतो बघ. पलीकडचा माणूस गॅट्सबी समजून घाईघाईनं सांगतोय की बाँड खपवताना अमका पकडला गेला. निक म्हणतो, गॅट्सबी गेला. पलीकडे शांतता, आणि फोन बंद. गॅट्सबीची जी खरी नाती होती ती या जातीची. ती फोनवर तुटतात, मयतीला येत नाहीत.

मावशी : म्हणजे कुणाचाच दोष नाही?

सुहास : एकीचा आहे. डेझीचा. बाकीच्या शेकड्यांना निक उगाच तिच्या रांगेत उभं करतो. ती आली नाही हे त्याला बोलवत नाही, म्हणून तो गर्दी आली नाही असं सांगतो.

इथे मला मध्ये पडावंसं वाटलं आणि मी पडले. ही मयत वाचताना वाचकाला एक गुप्त सुख मिळतं. आपण निकच्या शेजारी पावसात उभे असतो, न आलेल्यांना मनातल्या मनात शिव्या घालतो आणि आपण आलो याचं आपल्याला बरं वाटतं. आपण तिथे फुकट आलेलो असतो. तीन दिवस फोन आपण केलेले नसतात, डेझीच्या गाडीचं गुपितही आपल्याला सांभाळायचं नसतं. ‘कृतघ्न समाज’ हा या प्रसंगाचा अर्थ इतका लोकप्रिय का झाला, याचं उत्तर मला त्या सुखात दिसतं. मावशी म्हणाली, फार कडू बोलतेस. सुहासनं मात्र माझ्या बोलण्यातलं डेझीचं गुपित नेमकं उचललं.

सुहास : हां, त्याचं काय? मर्टल नावाच्या बाईला उडवलं ती गाडी डेझी चालवत होती. गॅट्सबीनं निकला ते त्याच रात्री सांगितलं. मर्टलच्या नवऱ्यानं गॅट्सबीला मारलं ते चुकीच्या माणसाला मारलं, हे निकला पक्कं ठाऊक आहे. पुढे रस्त्यात डेझीचा नवरा टॉम भेटतो आणि गॅट्सबीनंच तिला चिरडलं असं म्हणतो, तेव्हाही निक गप्प. वर त्याच्याशी हात मिळवतो! गॅट्सबी खुनी म्हणून पुरला गेला तो निकच्या गप्प बसण्यामुळे. आणि हाच माणूस दुसऱ्यांची हजेरी घेतो.

मावशी : तो हजेरी घेतो कारण तो हजर होता. तुझे सगळे मुद्दे घे, वकिली चांगली करतोस. पण बाप येईपर्यंत प्रेताजवळ कोण थांबलं? पाद्री तीनच्या सुमाराला फ्लशिंगहून आला, घड्याळात बघायला लागला, तेव्हा अर्धा तास थांबा असं त्याला बाजूला घेऊन कोणी विनवलं? निकला कळत होतं कोणी येणार नाही. तरी थांबवलं. माणूस सत्य सांगायला कमी पडला म्हणून त्याचं थांबणं खोटं होत नाही.

सुहास : अर्धा तास थांबला, हे खरं.

मावशीनं हा मुद्दा जिंकला, असं मी धरते. यानंतर सुहासनं जे काढलं ते वर्गात सहसा निघत नसावं, कारण शेवटचं प्रकरण वाचताना सातवं मागे पडलेलं असतं.

सुहास : पार्ट्या बंद कुणी केल्या ते आठवतंय? गॅट्सबी मरायच्या खूप आधीच. डेझी एका पार्टीला आली, तिला ती आवडली नाही. विषय संपला. एका शनिवारी दिवेच लागले नाहीत. गाड्या आशेनं आत वळायच्या, मिनिटभर थांबायच्या आणि तोंड पाडून परत जायच्या. जुने नोकर सगळे काढून टाकले, कारण डेझी दुपारची यायला लागली आणि गावात चर्चा नको. म्हणजे घर पाहुण्यांनी रिकामं केलं नाही, मालकानं केलं. मुळात सगळा मांडव एका पाहुणीसाठी होता. ती आली, मांडव उतरवला. ज्यांना दारावरून परत पाठवलं तेच लोक मयतीला का आले नाहीत म्हणून आपण रडतो.

मावशी : आणि नवे नोकर?

सुहास : वुल्फशाइमनं दिलेले. त्याच्या मर्जीतली माणसं.

मावशी : म्हणजे तिसऱ्या गाडीत बसलेले ते चार-पाच जण…

सुहास : वुल्फशाइमचीच माणसं. आणि ती गाडी कुठली होती माहितीये? गॅट्सबीची स्टेशन वॅगन. तीच, जी पार्टीच्या दिवशी प्रत्येक आगगाडीला पाहुणे आणायला धावायची.

मावशी : हे मी शिकवायचे. स्टेशन वॅगन माझी आहे, ती तुला नाही देणार.

न आलेल्यांची यादी सगळ्यांना पाठ असते. आलेल्यांकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते फिट्झजेराल्डनं जास्त कष्ट तिथे घेतले आहेत. पोस्टमन का आला? कादंबरी सांगत नाही. त्याला उन्हाळाभर त्या घरचं टपाल टाकायची सवय होती, यापलीकडे त्याचं गॅट्सबीशी नातं दिसत नाही. चष्मेवाला एका पार्टीच्या रात्री ग्रंथालयात दारूच्या तारेत भेटला होता. फळ्यांवरची पुस्तकं पुठ्ठ्याची नसून खरी आहेत याचंच त्याला आश्चर्य. पानं मात्र कापलेली नव्हती, म्हणजे ती कुणी वाचली नव्हती. याला दफनाची बातमी कशी लागली, त्याचं नाव काय, निकला माहीत नाही. त्या घराची तपासणी करून त्यात काहीतरी खरं आहे असं म्हणणारा हा एकच पाहुणा, आणि येणाराही एकच.

आणि बाप. हेन्री गॅट्झ. त्याला मुलाच्या मरणाची बातमी शिकागोच्या पेपरातून कळली. मिनेसोटाच्या एका गावातून तार आली, मी निघालो, येईपर्यंत दफन थांबवा. सप्टेंबरच्या उबदार दिवसात अंगावर स्वस्तातला लांबलचक ओव्हरकोट. रडून झाल्यावर तो भोवती बघतो, आणि त्या दिवाणखान्याच्या थाटानं त्याच्या दुःखात अभिमान मिसळायला लागतो. मग पाकिटातून एक फोटो काढतो. कडा चिरलेला, हाताळून मळलेला. फोटो कशाचा? ज्या घरात तो उभा आहे त्याच घराचा! मुलानं पाठवलेला. त्या घरात उभं राहून तो निकला त्या घराचा फोटो दाखवतो.

मावशी : माझ्या मते ही सगळ्यात क्रूर जागा आहे. बापालाही पैशानं फितवलं. आणि ती वही…

सुहास : वही नव्हे, हॉपलाँग कॅसिडीचं पुस्तक. मागच्या कोऱ्या पानावर पोरानं १२ सप्टेंबर १९०६ ला वेळापत्रक लिहिलंय. सहाला उठायचं, डंबेल्स, विजेचा अभ्यास, बोलण्याची ढब सुधारायची. आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकायचे. ते खोडून तीन केलेत.

(ते पुस्तक बाजारात १९१० साली आलं. फिट्झजेराल्डची ही चूक मावशी दरवर्षी पहिल्या बाकावरच्या मुलाकडून वदवून घ्यायची.)

मावशी : आणि शेवटचा संकल्प, आईवडिलांशी नीट वागायचं. त्यानंच पुढे निकला थाप मारली की घरचे सगळे वारले.

सुहास : पण बापाला दोन वर्षांपूर्वी भेटून घर घेऊन दिलं होतं. आणि मुलाला पश्चिमेला आपल्या गावी न्यायचं का, असं निकनं विचारलं तेव्हा म्हातारा नको म्हणाला. जिमीला इकडंच आवडायचं. मला हे क्रूर नाही वाटलं. बाप आला, मुलानं जे कमावलं ते बघून खूश झाला आणि मुलाच्या आवडीच्या जागी त्याला ठेवून गेला. बऱ्याच बापांना एवढंही मिळत नाही.

मावशी : तू बाल्झाक वाच मग. ‘पेर गॉरिओ’, १८३५. शेवयांच्या धंद्यात श्रीमंत झालेला बाप, दोन्ही मुलींना उमरावांत आणि सावकारांत देऊन स्वतः खाणावळीतल्या खोलीत मरतो. तिथेही मयतीला दोनच माणसं, रास्तिन्याक नावाचा विद्यार्थी आणि खाणावळीतला गडी क्रिस्तोफ. मुली येत नाहीत. पण त्यांच्या घरच्या दोन बग्ग्या येतात, कुलचिन्हं लावलेल्या, आत कोणी नाही, आणि प्रेतामागून पेर लाशेज दफनभूमीपर्यंत जातात.

सुहास : रिकाम्या?

मावशी : रिकाम्या. पॅरिसमधल्या त्या लोकांना निदान लाज झाकायची रीत ठाऊक होती. सवाशे वर्षांपूर्वीची का होईना, रीत होती. गॅट्सबीच्या जगात ती रिकामी बग्गीसुद्धा उरली नाही. मला म्हणायचंय ते हे.

सुहास : सवाशे नाही, दोनशे. आणि रिकाम्या बग्गीपेक्षा न आलेला माणूस परवडला. आपल्याकडे आता मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र टाकतात, ती आपली रिकामी बग्गीच.

मावशी : तरी आपल्याकडे लग्नाला नाही गेलं तर चालतं, मयतीला जावंच लागतं. भांडण असलं तरी.

सुहास : गावात. सोसायटीत लिफ्टमध्ये कळतं, की तिसऱ्या मजल्यावरचे गेले, महिना झाला.

विषय इथून फिट्झजेराल्डच्या स्वतःच्या मयतीकडे जाणार हे मला माहीत होतं, जातोच. तो २१ डिसेंबर १९४० रोजी हॉलिवूडमध्ये हृदयविकारानं गेला, वय ४४. मेरीलँडमधल्या रॉकव्हिलला त्याला पुरलं तेव्हा मोजकीच माणसं होती. पत्नी झेल्डा येऊ शकली नाही. घराण्याच्या कबरी असलेल्या कॅथलिक दफनभूमीत चर्चनं जागा नाकारली, कारण तो धर्म पाळणारा नव्हता; तिथे त्याला हलवलं ते १९७५ मध्ये. ‘गॅट्सबी’च्या दुसऱ्या छपाईच्या प्रती तेव्हाही प्रकाशकाच्या गोदामात पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना वाटलेल्या खिशातल्या आवृत्तीच्या दीड लाखावर प्रती निघाल्या आणि पुस्तकाचे दिवस पालटले. यावरून त्यानं स्वतःचीच मयत लिहिली होती असं म्हणायची पद्धत आहे. मला ती भाबडी वाटते. १९२४ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर बसून हे पुस्तक लिहिणारा फिट्झजेराल्ड ऐन भरात होता, मासिकं त्याच्या कथांना भरपूर पैसे मोजत होती. तो भविष्य सांगत नव्हता, आजूबाजूच्या पार्ट्या बघत होता.

सुहासला यात रस नव्हता. तो वेगळ्याच गोष्टीवर अडला होता.

सुहास : मला सांग, या मयतीचे पैसे कुणी दिले?

मावशी : पुस्तकात नाही.

सुहास : तेच म्हणतोय. शववाहिका, गाडी, पाद्री, दफनाची जागा. संत्र्यांच्या पेट्या मोजल्या, झग्याची किंमत दिली, वुल्फशाइमला चार डॉलरचं जेवण आठवतं, निकच्या घराचं भाडं महिना ऐंशी डॉलर हेही दिलंय. पैशावरची कादंबरी, आणि शेवटचं बिलच नाही? बँकेत काय उरलं, बंगला कुणाकडे गेला, तेही नाही.

मावशी : बाल्झाकनं दिलंय. खड्डा खणणाऱ्यांनी बक्षिसी मागितली तर रास्तिन्याकचा खिसा रिकामा. क्रिस्तोफकडून वीस सू उसने घेतो.

सुहास : बघ. इथे कोण? मला वाटतं वुल्फशाइम. नोकर त्याचे, ड्रायव्हर त्याचा. आला नाही, पण माणसं त्याचीच होती.

मावशी : हे तुझं लिखाण झालं, फिट्झजेराल्डचं नाही. निकनं दिले असतील.

सुहास : बाँड विकायला नुकता शिकलेला पोरगा?

मावशी : मग बापानं. त्या ओव्हरकोटातून नोटा काढून. आणि निकला कळूही दिलं नसेल.

सुहास : निकनं विचारलं कसं नाही पण?

मावशी : मयतीत असं कोण विचारतं रे?

सुहास : मी विचारतो. तेराव्याच्या ऑर्डरी आम्हीच घेतो ना.